गवत कापणाऱ्या रोबोचे पाते: घट्ट बसवावे की झुलते ठेवावे?

हिरवळ

नमस्कार. मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी यंदा प्रकल्पासाठी हिरवळ कापणारा रोबो करायला घेतला असून त्याची चाके, बॅटरी आणि कडेने पुरलेली सीमातार ओळखण्याची व्यवस्था समाधानकारक चालते आहे. अडचण पात्याची आहे, आणि ती मला गंभीर वाटते म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मुलांनी पॉवर हॅक्सॉचे (धातू कापणाऱ्या विजेवरच्या करवतीचे) जुने पाते मिळवले, सुमारे ३५ सेंटीमीटर लांब आणि १४० ग्रॅम वजनाचे. दोन्ही टोकांना ग्राइंडरवर धार काढली, मधोमध भोक पडेना म्हणून ते दोन फ्लँजमध्ये (पकडून धरणाऱ्या चकत्यांमध्ये) आवळून मोटरच्या शाफ्टवर बसवले आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवर फिरवले. गवत उत्तम कापले गेले. त्यानंतर, बोट किंवा पाऊल आत गेले तर काय होईल हे पाहण्यासाठी आम्ही लांब काठीला शेवग्याची शेंग बांधून ती सांगाड्याच्या कडेखालून आत सरकवली. शेंगेचे तुकडे झाले हे अपेक्षितच होते. परंतु ते तुकडे चार-पाच फुटांवरच्या भिंतीवर जाऊन चिकटले. दुसऱ्या फेरीत पाते सीमातारेच्या एका लोखंडी खुंटीला लागले आणि तडकले. त्याचा तीन इंचांचा तुकडा आम्ही आडोशाला उभ्या केलेल्या प्लायवुडमध्ये रुतून बसला. प्लायवुडमागे मी आणि दोन विद्यार्थी उभे होतो. त्या दिवसापासून मी चाचण्या बंद ठेवल्या आहेत.

मला विचारायचे आहे ते असे. पात्याची धार मुद्दाम बोथट ठेवली तर धोका कमी होतो का? बाजारातील रोबोंमध्ये मोठ्या पात्याऐवजी चकतीवर तीन छोटी झुलती पाती असतात, ती खरोखर सुरक्षित म्हणून की केवळ बॅटरी वाचावी म्हणून? आणि यंत्र उचलताच पाते थांबवणारा सेन्सर बसवला तर पात्याचा आकार तसाच ठेवून चालेल का?

लोहकण

सर, आपण चाचण्या थांबवल्या हे सर्वांत चांगले केले. मी भोसरीत टूलरूममध्ये आणि नंतर हीट ट्रीटमेंटच्या कामात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे आधी धातूविषयी लिहितो.

पॉवर हॅक्सॉचे पाते बहुधा आरपार कडक केलेल्या हायस्पीड स्टीलचे असते. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये त्याच्या सुऱ्या करण्याची जुनी रीत आहे आणि सुरीसाठी ते फार छान टिकते, कारण सुरीला दगडाचा फटका बसत नाही. फिरत्या यंत्रात मात्र हा धातू वापरूच नये. त्याला वाकणे ठाऊक नसते. तो काचेसारखा तडकतो आणि तडकलेला तुकडा त्या क्षणीच्या पूर्ण वेगाने सुटतो. भोक पडले नाही, यावरूनच तो किती कडक आहे हे लक्षात यायला हवे होते. ग्राइंडरवर धार काढताना कडेला निळसर झाक आली असेल तर वेडीवाकडी उष्णता लागून तिथे सूक्ष्म चिरा पडलेल्या असण्याचाही संभव आहे.

पात्यासाठी पातळ स्प्रिंग स्टीलची पट्टी घ्या, ती कडक करून मग नीट टेंपर करून, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवून घ्या. माझी साधी कसोटी अशी की नमुन्याचे पाते व्हाइसमध्ये पकडून, चष्मा व हातमोजे घालून, पक्कडीने हळूहळू वाकवावे. ते आधी सोडताच पुन्हा सरळ झाले पाहिजे आणि अति झाल्यावर वाकून राहिले पाहिजे. ‘टण्’ आवाज करून तुटले तर ती सगळी खेप बाजूला ठेवावी. फार मऊ ठेवले तर खुंटीला लागून वाकलेले पाते चकतीत अडकते, तेही नको. परंतु दोहोंत निवड करायची वेळ आली तर मी वाकणारे पाते पत्करीन.

बोथट धारेचा विचार सोडून द्यावा. गवताला खालून आधार देणारी दुसरी धार या यंत्रात नाही, म्हणजे कात्रीसारखे कापणे नाही. गवताची काडी केवळ स्वतःच्या जडत्वाच्या जोरावर उभी राहते आणि पाते तिला छेदून जाते. धार गेली की तेच काम करण्यासाठी पाते जड किंवा वेगवान करावे लागते, आणि माणसाला घातक ठरतात ते हेच दोन गुण. शिवाय गवताची टोके फाटून पिवळी पडतात, हे माळीही सांगेल.

घर्षणांक

लोहकण यांनी जड आणि वेगवान हे दोन शब्द वापरले आहेत, त्यांनाच आकडे लावून पाहू, म्हणजे विद्यार्थ्यांना ते पटेल.

आपले ३५ सेंटीमीटरचे पाते ३००० फेऱ्यांवर फिरते तेव्हा त्याच्या शेंड्याचा वेग सेकंदाला सुमारे ५५ मीटर असतो आणि संपूर्ण पात्यात सुमारे ७० जूल ऊर्जा साठलेली असते. पाते एकसंध आणि शाफ्टला घट्ट आवळलेले असल्यामुळे शेंडा ज्या वस्तूला लागेल तिच्यावर ही ऊर्जा ओतली जाऊ शकते, वर मोटरचा जोर चालूच असतो. आता झुलत्या पात्याचे पाहा. ३६ मिलीमीटर लांब, १८ रुंद आणि ०.६ जाड अशा पोलादी पात्याचे वजन जेमतेम ३ ग्रॅम भरते. २२ सेंटीमीटरच्या कापणी-व्यासावर २३०० फेऱ्या धरल्या तर शेंड्याचा वेग सेकंदाला साडेसव्वीस मीटर येतो आणि एका पात्याची ऊर्जा सुमारे १ जूल. चकतीत आणखी वीस-पंचवीस जूल असतात हे खरे, पण चकती गोल आणि गुळगुळीत असते, तिला धार नसते आणि तिची ऊर्जा पात्यातून पुढे जाऊ शकत नाही, कारण मध्ये सैल बिजागरी आहे.

त्या बिजागरीचा विचार सावकाश करण्यासारखा आहे. पाते एका स्क्रूवर मोकळे अडकवलेले असते. चकती फिरू लागली की केंद्रोत्सारी परिणामाने त्या ३ ग्रॅमच्या पात्यावर सुमारे पावणेदोन किलो वजनाइतका ताण येतो, आणि तेवढ्या ताणामुळेच ते बाहेरच्या दिशेला ताठ उभे राहून गवत कापते. कठीण वस्तू लागली की ते मागे वळते आणि चकतीच्या कडेच्या आत जाते. म्हणजे ताठपणा स्प्रिंगचा नसून वेगाचा आहे. वेग उतरला की पातेही ढिले होते. म्हणूनच ही रचना निव्वळ बॅटरी वाचवण्याची युक्ती नाही, जरी बॅटरी वाचते हेही खरेच.

खडा उडण्याचा धोकाही इथे वेगळा होतो. १० ग्रॅमचा खडा आपल्या घट्ट पात्याच्या शेंड्याला लागला तर तो सेकंदाला ४५ मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने सुटू शकतो, म्हणजे दहा जूलच्या वर. तोच खडा ३ ग्रॅमच्या झुलत्या पात्याला लागला तर अगदी पूर्ण लवचीक टक्कर धरूनही त्याचा वेग १२ मीटरच्या आसपास राहतो आणि ऊर्जा एका जूलपेक्षा कमी. डोळ्याला तेवढेही पुष्कळ आहे, त्यामुळे चष्म्याशिवाय जवळ जाऊ नये. पण प्लायवुडमध्ये रुतणारा मारा यातून होत नाही.

एक इशारा मात्र देतो. झुलते ठेवायचे म्हणून साखळीच्या कड्या किंवा एकाला एक जोडलेले धातूचे तुकडे कधीही लावू नका. ब्रिटनमध्ये हाती धरण्याच्या ब्रशकटरला (झुडपे कापण्याच्या यंत्राला) लावलेल्या अशा साखळीची कडी सुटून एका व्यक्तीचा मृत्यू झाला आणि युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये हाती धरण्याच्या ब्रशकटरसाठी जोडकड्यांची धातूची अवजारे बाजारात आणण्यास बंदी घातली. पाते एकसंध असावे आणि बिजागरी एकच असावी.

राईनकाठ

मी नोकरीनिमित्त जर्मनीत कोलोन येथे राहतो. आमच्या घरामागे लहानशी बाग आहे आणि तिथे असे यंत्र पाच वर्षे चालते आहे. वरील चर्चेत झुलत्या पात्याचे गुण आले, ते मान्य करून त्याच्या दोन उण्या बाजूही नोंदवतो, कारण इथे त्यावर बरेच काम झाले आहे.

इथल्या बागांत हेजहॉग येतात, आकाराने साधारण नारळाएवढे काटेरी प्राणी, रात्री हिंडणारे. संकट आले की हा प्राणी पळत नाही, जागीच अंगाचा गोळा करून बसतो; पाते येते तेव्हाही तो तसाच बसतो. डेन्मार्कच्या संशोधक सोफी लुंड रासमुसेन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १८ रोबो मृत हेजहॉगवर चालवून पाहिले. प्रत्येक यंत्राला प्राणी प्रत्यक्ष टेकल्यावरच कळला, आणि २०० ग्रॅमपेक्षा लहान पिल्ले तर एकालाही ओळखता आली नाहीत. काही यंत्रांनी खोल जखमा केल्या, काहींनी ओरखडाही काढला नाही. ज्यांची पाती झुलती होती, चकतीखाली रक्षकथाळी होती आणि चालना पुढच्या चाकांना होती त्यांच्याकडून इजा कमी झाली. बर्लिनच्या लायब्निट्झ या वन्यजीव संशोधन संस्थेने २०२२ च्या जूनपासून २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत जर्मनीतील ३७० जखमी हेजहॉगांच्या नोंदी तपासल्या, त्यांतील जवळपास निम्मे दगावले होते. रविवारी इथे आवाजाची बागयंत्रे चालवायला मनाई असते, तरीही रविवारी जखमा कमी आढळल्या नाहीत. त्यामुळे संशय निःशब्द चालणाऱ्या रोबोंकडे गेला. आमच्या शहराने २०२४ मध्ये सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत हे रोबो चालवण्यास बंदी घातली आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या यंत्रातही दिवसाउजेडाची अट प्रोग्रॅममध्येच घालावी, असे मी आग्रहाने सुचवतो. पुण्यातल्या हिरवळीवर हेजहॉग नसतील, पण मुंगसाची पिल्ले, बेडूक आणि धामणी आहेत.

दुसरी बाब घरातली आहे. गेल्या वर्षी पावसाळी मे महिन्यात मी यंत्र उलटे करून पाहिले, तेव्हा तीनपैकी एक पाते स्क्रूभोवती सुकलेल्या गवताच्या हिरवट चिकाने आणि मातीने पूर्ण जाम झाले होते. बोटाने ढकलले तरी हलेना. म्हणजे घर्षणांक यांनी सांगितलेली सारी सुरक्षितता त्या पात्यापुरती संपली होती आणि यंत्र मात्र काहीच तक्रार न करता रोज कापत होते. तेव्हापासून मी दर आठवड्याला मुख्य स्विच बंद करून, जाड हातमोजा घालून, प्रत्येक पाते पूर्ण फेरा मोकळे फिरते का हे पाहतो, आणि पाते बदलताना स्क्रूही नवा लावतो, कारण झिजलेल्या स्क्रूवर पाते तिरके बसते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा चिखल कितीतरी जास्त असेल.

हिरवळ

सर्वांचे मनापासून आभार. लोहकण यांची वाकवण्याची कसोटी काल उरलेल्या तुकड्यावर करून पाहिली. तो पंधरा अंशही वळला नाही आणि ‘टण्’ झाला. मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. राईनकाठ यांचा जाम झालेल्या पात्याचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. चकतीचा आराखडा आता नव्याने करतो आहोत. सेन्सर आणि ब्रेक याविषयी मात्र अजून मार्गदर्शन हवे आहे.

घर्षणांक

सेन्सर हवाच, परंतु तो पात्याच्या रचनेची जागा घेऊ शकत नाही. उचलल्याचे कळणे, मोटर बंद होणे आणि पाते थांबणे या तिन्हींना वेळ लागतो, आणि कडेखालून आत गेलेले लहान मुलाचे बोट यंत्र उचलतच नाही, त्यामुळे उचलण्याच्या सेन्सरला ते कळणारही नाही. त्या बोटासाठी अंतर हाच उपाय आहे: पात्याच्या शेंड्यापासून सांगाड्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत जास्तीत जास्त जागा सोडा, कड शक्य तितकी खाली आणा, आणि शेंगेची चाचणी सर्व बाजूंनी, चाकांच्या मधल्या फटींतूनही, पुन्हा करा. अमेरिकेत ढकलत चालवायच्या यंत्रांसाठी १९८२ पासून नियम आहे की मूठ सोडल्यावर पाते ३ सेकंदांत थांबले पाहिजे. तिथेही पावलाच्या आकाराचा ठोकळा आत सरकवून पाते लागते का हे वेगळे तपासतात. रोबोंसाठी खास ‘आयईसी ६०३३५-२-१०७’ हे आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाचे मानक आहे, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते मागवून घ्या.

ब्रेकसाठी मोटरच्या तिन्ही तारा रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) आपसांत जोडा, आणि तो रिले असा निवडा की वीज गेल्यावर संपर्क आपोआप जुळतो. मग बॅटरी सुटली किंवा कंट्रोलर गोठला तरी ब्रेक लागतोच. आपल्या चकतीला सरासरी ०.३ न्यूटन-मीटर रोध मिळाला तर ती पाऊण सेकंदाच्या आत थांबेल. शेवटच्या मंद फेऱ्यांत हा ब्रेक दुबळा पडतो, तेवढी गिरकी राहील. झटक्याने थांबताना पाती जडत्वाने पुढे वळतात, म्हणून त्यांना पूर्ण फेरा मोकळा ठेवा आणि जवळ अडेल असा खिळा किंवा फासळी ठेवू नका.

हिरवळ

रिले आज आणला. चकती १८ सेंटीमीटरची ठरवली असून पाती तिच्या कडेबाहेर फक्त दोन सेंटीमीटर येतील. सांगाडा चहूबाजूंनी नऊ सेंटीमीटरने पुढे नेला आहे, त्यामुळे भिंतीलगतची पट्टी कापली जाणार नाही. ती माळीकाका विळ्याने काढायला तयार आहेत. पहिली फेरी वाळूच्या पोत्यांच्या आडोशात, दोरीने लांबून स्विच ओढून घेऊ, आणि प्रत्येक फेरीआधी तिन्ही पाती हाताने फिरवून पाहिल्याची सही एका विद्यार्थ्याने वहीत करायची, असे ठरले आहे.