स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे पालक: आधारगट हवा की दोन मोकळे तास?

सांजवारा: पालक थकले की सल्ला ठरलेला, ‘आधारगटात जा’, म्हणजे अशाच इतर पालकांच्या बैठकीला. मला हे उलटं वाटतं. चार रात्री धड न झोपलेल्या आईला आणखी एक बैठक म्हणजे आणखी एक काम, आणि तेवढ्या वेळात मुलाकडे कोण बघणार? आधी ठरलेल्या वारी दोन तास मूल कुणीतरी सांभाळावं. ‘काही लागलं तर सांग’ याचा उपयोग शून्य. काय लागतं ते ठरवून मागायचं ओझंही तिच्याच डोक्यावर.

कोरा_कागद: अर्धंच पटलं. नवख्याच्या हाती मूल एकदम सोपवलं की मोठ्या आवाजाने ते बिथरतं, तो समजावत राहतो, हात धरतो, प्रकरण चिघळतं आणि आईला फोन. ती पुन्हा कुणाकडे ठेवत नाही. म्हणून आधी दोनदा नुसतं शेजारी बसायचं, मग पालक दुसऱ्या खोलीत, मग अर्धा तास बाहेर. सोबत एक कागद: भूक, शू, दुखणं मूल कसं सांगतं, बिथरल्यावर आवाज-उजेड कमी, बोलणं कमी, थोडं अंतर.

खडीसाखर: गटाला हलकं लेखू नका. कोहेन आणि विल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मांडलं की आधार ताणाचा धक्का सौम्य करतो, आणि त्यात ‘वेळ आली तर माणूस आहे’ हा भरवसा मोठा. ‘थंड, माया न लावणाऱ्या आईमुळे स्वमग्नता’ ही समजूत मानसशास्त्रज्ञ रिमलंड यांनी १९६४ मध्येच खोडली, पण टोमणे थांबले कुठे? टोमणे मारणाऱ्या नातेवाइकाचे दोन तास फार महाग पडतात!

सांजवारा: टोमण्यांचं मान्य. पण भरवसा बसतो तो कुणी खरंच चार वेळा आल्यावर. आणि हमखास बरं करणाऱ्या उपचारांचे मेसेज संयोजकाने रोखले नाहीत, तर गटातून माणूस जास्त घाबरून परततो.

कोरा_कागद: जागतिक आरोग्य संघटनेच्या पालक-कौशल्य प्रशिक्षणात (मुलं २ ते ९ वर्षांची) ९ गटसत्रं आणि ३ घरभेटी आहेत, म्हणजे गटही, घरही. मात्र नैराश्य यातल्या कशानेच आपोआप जात नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत गेल्या २ आठवड्यांवर ९ प्रश्न असतात, गुण २७ पैकी. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा; तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर बेरीज न बघता त्याच दिवशी.

खडीसाखर: आणि ती प्रश्नावली बाबांच्याही हातात द्या. गटात ते फक्त गाडी लावायला येतात.