टोटल रिकॉल: शरीर हाउझरचं की क्वेडचं?

कडक_भाकरी

परवा रविवारी गच्चीवर पडदा लावून आम्ही चौघांनी टोटल रिकॉल पुन्हा पाहिला. १९९० चा, पॉल व्हरहोवेनचा, श्वार्झनेगरवाला. (२०१२ साली नव्याने काढला त्यात मंगळावर जाणंच नाही, तो मी धरत नाही.) सिनेमा साडेअकराला संपला, भांडण दोनपर्यंत चाललं. ते मिटलं नाही म्हणून इथे मांडतो.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डग्लस क्वेड हा पृथ्वीवरचा बांधकाम मजूर, त्याला मंगळाची स्वप्नं पडतात. प्रवास न करताच प्रवासाची आठवण डोक्यात बसवून देणाऱ्या रिकॉल कंपनीत तो जातो, तिथे गडबड होते आणि कळतं की तो क्वेड नाहीच. मंगळावर सत्ता गाजवणाऱ्या कोहेगनचा माणूस हाउझर, त्याची स्मृती पुसून तिथे क्वेड बसवलाय. बायको लोरी सांगते, सहा आठवड्यांपूर्वी मी तुला पाहिलंही नव्हतं, आपलं लग्न ही बसवलेली आठवण आहे. शेवटाकडे हाउझर व्हिडिओत येऊन सांगतो की बंडखोरांच्या पुढाऱ्यापर्यंत पोचायला मीच हे राजीखुशीने करून घेतलं, आता माझं शरीर परत दे. क्वेड देत नाही. खुर्चीचे पट्टे तोडून निघतो.

माझ्या मते त्याचं बरोबर आहे. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आहे, कसेल त्याची जमीन. सातबारावर नाव हाउझरचं असेल, पण त्या शरीरात राबतोय, प्रेम करतोय, गोळ्या झेलायला उभा राहतोय तो क्वेड.

होटगी_रोड

कुळाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, मालक. कूळ पिढ्यान्‌पिढ्या खंड भरून जमीन कसत होतं. क्वेडची वहिवाट सहा आठवड्यांची! आणि हाउझर हा दूर शहरात बसून खंड खाणारा सावकार नाही, तो तिथेच झोपवलेला आहे. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी ऑपरेशनसाठी भूल दिली होती. भूल उतरल्यावर त्यांच्या जागी दुसराच कोणी म्हणाला असता की आता मी इथेच राहणार, तर आम्ही काय केलं असतं?

हाउझर नीच आहे, मान्य. पण नीच माणसाचंही शरीर त्याचंच असतं. तो वाईट म्हणून त्याला कायमचं पुसा, हे एकदा मान्य केलं की वाईट कोण हे ठरवणाऱ्याच्या हातात आपण सगळे.

नवी_पेठ_७०_मिमी

तुम्ही दोघंही नसलेल्या माणसावरून भांडताय. रिकॉलमध्ये खुर्चीवर बसल्यावर पुढचं सगळं विकत घेतलेलं स्वप्न आहे. तिथला तंत्रज्ञ फीत हातात घेऊन म्हणतो, मंगळावर निळं आकाश, हे नवीन दिसतंय. आणि शेवटी काय दिसतं? मंगळावर निळं आकाश. पुढे मंगळावर भेटणाऱ्या त्याच्या प्रेयसीचा, मेलिनाचा, चेहराही तिथेच पडद्यावर आधी दिसतो. मग पडदा पांढरा होतो, काळा नाही, जणू स्वप्नच संपलं.

कडक_भाकरी

दादा, मेलिना तर पहिल्याच दृश्यात त्याच्या स्वप्नात आहे, रिकॉलला जायच्या आधी. आणि कोहेगन आणि त्याचा हस्तक रिक्टर दोघंच बोलतात ती दृश्यं क्वेड कशी पाहील? तिथे तो हजरच नाही.

माझ्यासाठी निर्णायक क्षण घामाच्या थेंबाचा. रिकॉलकडून आलेला म्हणवणारा डॉक्टर हॉटेलच्या खोलीत येऊन समजावतो की तू अजून खुर्चीतच आहेस, ही गोळी घे म्हणजे जागा होशील. क्वेड गोळी तोंडातही घेतो. तेवढ्यात डॉक्टरच्या कपाळावरून घाम ओघळताना दिसतो. स्वप्नातल्या माणसाला मरणाची भीती कशाला वाटेल? त्या एका थेंबावर तो आपली बाजू ठरवतो. खरं काय याचा पुरावा त्याच्याकडे एवढाच आहे, आणि तेवढ्यावर जबाबदारी घेतो म्हणून मला तो पटतो.

होम_मैदान

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून एक गोष्ट सांगते. खोटी आठवण बसवायला यंत्र लागत नाही. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ च्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या लहानपणाचे प्रसंग वाचायला दिले. त्यातला एक, बाजार संकुलात हरवल्याचा, बनवलेला होता. साधारण पाव जणांना तो थोडाफार किंवा पूर्ण 'आठवला'.

मला स्वतःला गड्ड्याच्या यात्रेत हरवल्याचं लख्ख आठवतं. पाळण्याचा करकर आवाज, पिपाणीवाला, कोणाचा तरी हात धरून रडणं. आई म्हणते हरवला होता तो धाकटा भाऊ, मी तिच्या कडेवर होते. मग त्या संध्याकाळची माझ्यातली भीती खोटी का? गर्दीत मी आजही मुलीचं मनगट घट्ट धरते ते त्या भीतीमुळेच. क्वेडचं लग्न बसवलेलं होतं, पण लोरीवर पिस्तूल रोखताना त्याला झालेला त्रास खरा होता.

पूर्वभाग_विणकर

मी सिनेमावाला नाही, मागावरचा माणूस आहे. चादरीची नक्षी मागावरच्या जेकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते. पुठ्ठे बदलले की मोराच्या जागी फूल येतं, माग तोच राहतो. तुमचा वाद एवढाच दिसतो की माणूस म्हणजे पुठ्ठे की माग.

आमच्या ताताला, म्हणजे आजोबाला, शेवटची चार वर्षं विसरण्याचा आजार होता. माझं नाव गेलं, मग मराठी गेली, नुसती तेलुगू उरली. मला तो त्याच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचा. पण हातात तुटलेला धागा दिला की न बघता गाठ मारायचा, मला आजही तशी बारीक जमत नाही. सिनेमातसुद्धा रिकॉलमधून बाहेर पडल्यावर क्वेड चार जणांना लोळवतो आणि मग स्वतःच्या हातांकडे बघत राहतो. तो प्रसंग बघताना मला ताताच आठवला.

होम_मैदान

दादा, हे अगदी नेमकं आहे. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूचा काही भाग १९५३ साली फिट्सवर उपाय म्हणून काढला. त्यानंतर त्याला नव्या घटना लक्षात राहीनात. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवण्यात तो दिवसागणिक सुधारत गेला, आणि दर वेळी म्हणे की हे मी पहिल्यांदाच करतोय. हातांची स्मृती मेंदूत वेगळ्या जागी राहते.

होटगी_रोड

म्हणजे हात हाउझरचे, कसब हाउझरचं, माग हाउझरचा. क्वेडचे फक्त पुठ्ठे, तेही कोहेगनने भोकं पाडलेले. माझाच मुद्दा पक्का झाला.

पूर्वभाग_विणकर

थांबा की ओ, पुढचं राहिलंय. ताता शुद्धीत होता तेव्हा त्याने आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, मला काही कळेनासं झालं की गावी भावाच्या मुलांकडे नेऊन ठेवा, इथे तुमच्या दोन खोल्यांत अडचण नको. दोनदा वदवून घेतलं आमच्याकडून. वेळ आली तेव्हा बॅग भरली, रिक्षा बोलावली. तो दाराची चौकट धरून उभा राहिला. सोडेना. तेलुगूत एकच म्हणत होता, माझा माग इथं आहे. त्या घरातला माग वीस वर्षांपूर्वीच विकलेला.

आता सांगा, ऐकायचं कुणाचं? ज्याने वदवून घेतलं त्याचं, की चौकट धरली त्याचं? आधीचा शहाणा होता, आमचा विचार करत होता. नंतरच्याला आमची नावंही ठाऊक नव्हती. काकांनी रिक्षा परत पाठवली. मी बॅग रिकामी केली.

होटगी_रोड

हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत, मीही तेच केलं असतं. पण चौकट धरणाराही ताताच होता, त्याच घराला धरून. क्वेड आणि हाउझर यांच्यात असं एकही घर नाही. मी अजून हाउझरच्याच बाजूने आहे, मात्र भुलेचं उदाहरण मागे घेतो.

कडक_भाकरी

मीही कूळकायदा मागे घेतो. पण घर नाही हे मान्य नाही. दोघांनाही मेलिना भेटली होती. हाउझरने तिला वापरलं, क्वेड तिच्यासाठी परत गेला.