मेक्सिकोच्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन प्रकल्प: नाव देऊ का?

सोलापूरची_लेक
नमस्कार. मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय पर्यावरणशास्त्र. आमच्या मॅडमनी 'कॉइल' (म्हणजे दोन देशांतल्या वर्गांनी ऑनलाइन एकत्र शिकणं) प्रकल्पासाठी नावं मागितली आहेत. मेक्सिको सिटीतल्या एका विद्यापीठाची मुलं आणि आम्ही मिळून आठ आठवडे काम करायचं, विषय 'शहराचं पाणी'. माझी फार इच्छा आहे, पण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. इंग्रजी वाचलेलं कळतं, बोलायला गेलं की वाक्य घशातच राहतं. त्यात एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यासही आहे. कुणी असं काही केलं असेल तर सांगा ना. शुक्रवारपर्यंत नाव द्यायचंय.

कृष्णाकाठ
दे नाव. मी जर्मनीतल्या मुलांबरोबर केलाय असा प्रकल्प. पहिल्या दोन मीटिंगा कॅमेरा बंद करून गप्प बसलो होतो. तिसऱ्या वेळी गटातल्या एकीने थेट विचारलं, तुला काय वाटतं? मी चॅटमध्ये चार ओळी लिहिल्या, तिने त्या वाचून दाखवल्या आणि पुढची वीस मिनिटं चर्चा त्यावरच झाली. त्यानंतर बोलायला लागलो. समोरच्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असतं, हे तेव्हा कळलं. मेक्सिकोची मुलं घरी स्पॅनिश बोलतात, तीही शब्द शोधत थांबतील.

वेळेचं मात्र पक्कं करून घे. आमची मीटिंग त्यांच्या दुपारी ३ ला, म्हणजे आपल्या संध्याकाळी ६.३० ला असायची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे गेली, आम्हाला पत्ताच नाही. सोमवारी आम्ही ६.३० पासून ताटकळलो, ते आले ७.३० ला. तोवर आमच्यातले दोघं उठून गेले होते. मेक्सिको सिटीत २०२२ पासून घड्याळ बदलत नाही, तेव्हा तुला तो ताप नाही. आपले रात्रीचे ८ म्हणजे त्यांचे सकाळचे ८.३०.

खडू_फळा
मी शिकवतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये कॉइलचं केंद्र काढलं, तिथून हे नाव रुळलं. दोन देशांतले दोन शिक्षक एकत्र बसून काम आखतात, प्रवास कुणीच करत नाही आणि गुण आपापले शिक्षक देतात. म्हणून मॅडमना आधी हे विचार: अंतर्गत गुणांत हे धरणार का, आणि शेवटी गटाने मिळून काय तयार करायचंय? नुसत्या गप्पांच्या मीटिंगा असतील तर तिसऱ्या आठवड्यात मुलं गळतात. हातात ठोस काम असेल तर टिकतात.

वाणिज्य शाखेचं कुणी वाचत असेल तर २०१० पासून चालणारा 'एक्स-कल्चर' बघा. वेगवेगळ्या देशांतली मुलं एका गटात घेऊन कंपन्यांचे खरे प्रश्न सोडवायला देतात. त्यात गटातले सहकारीही एकमेकांचं मूल्यमापन करतात.

भीमाथडी
माझा अनुभव इतका गोड नाही. पाचांपैकी दोघं गायब झाले, अहवाल आम्ही तिघांनी रात्री जागून लिहिला. पहिल्याच आठवड्यात कोण काय, कधीपर्यंत करणार हे एका सामायिक फाइलमध्ये लिहून ठेव. आणि जमणार नसेल तर 'हो हो, करते' म्हणू नकोस. आपल्याला ती सवय असते, समोरचे मात्र त्या होकारावर विसंबून राहतात. परीक्षा प्रकल्पाच्या आठ आठवड्यांतच असेल तर खरंच विचार कर.

सोलापूरची_लेक
परीक्षा नंतर आहे. मॅडम म्हणाल्या, १० गुण धरणार, आणि दोन्ही शहरांच्या पाण्यावर एकत्र अहवाल करायचाय. पहिल्या मीटिंगला ओळख म्हणून प्रत्येकी दोन मिनिटं बोलायचंय. काय बोलू?

कृष्णाकाठ
घरातल्या पिंपाचा फोटो दाखव. पाणी किती दिवसांनी येतं, कोण भरतं, उजनीतून कसं येतं, एवढंच सांग. त्यांचं शहर जुन्या तळ्यावर वसलंय, जमिनीखालचं पाणी उपसून उपसून ते खचतंय. तुझी दोन मिनिटं संपायच्या आत त्यांचे प्रश्न सुरू होतील.

सोलापूरची_लेक
नाव दिलं! पहिली मीटिंग मंगळवारी रात्री ८ ला. नेमकी तेव्हाच आमची पाणी यायची पाळी आहे, मोटरीचा आवाज अख्ख्या घरात घुमतो. वेळ बदलून मागू का?

कृष्णाकाठ
नको. हेडफोन लाव, बोलत नसशील तेव्हा म्यूट ठेव. आणि तुझी बोलायची वेळ आली की आवाज कशाचा ते सांग त्यांना. तुमचा विषयच तो आहे.