उरेप कापाचा सिल्क ड्रेस: कात्री लावण्याआधी सल्ला हवाय

जांभळा_दोरा:
नमस्कार मंडळी. शिवणकामाच्या एका चॅलेंजमध्ये नाव घातलंय. नियम दोनच: कापड नैसर्गिक धाग्याचं हवं आणि आधी कधी न केलेलं एक तरी तंत्र हवं. मुदत महिनाअखेरची. मी पूर्ण उरेप कापाचा, म्हणजे कापड धाग्याला 45 अंशांत तिरपं कापून शिवायचा ड्रेस ठरवलाय. खांद्याला बारीक नाड्या, गळ्याला पुढे सैल झोळ, लांबी पोटरीपर्यंत, चेन नाही, डोक्यातून घालायचा. कापड घरी आलंय: साटन सिल्क, 19 मॉमी (रेशमाच्या वजनाचं माप), पन्हा 114 सेंमी, साडेतीन मीटर, गडद शेवाळी. सुती आणि लिनन मी नेहमी शिवते, पण हे कापड घडी घालून टेबलावर ठेवलं तरी वरचा पदर आपोआप सरकतो.

बेतण्याआधी धुवावं का? ट्रायल मांजरपाटात शिवला तर चालेल का? आणि अस्तर लागेल का? हा ड्रेस मला पुढे नियमित घालायचाय, म्हणून नीट विचार करूनच कापायचंय.

तिरपी_शिवण:
रंग फार सुंदर निवडलात.

आधी धुण्याचं. पुढे घरीच धुणार असाल तर आत्ताच धुवा, पण सगळं कापड भिजवण्याआधी कोपऱ्यातून 10 बाय 10 सेंमीचा चौकोन कापून घ्या. कोमट पाण्यात सौम्य शाम्पूचे एकदोन थेंब टाकून धुवा, सावलीत वाळवा, किंचित दमट असतानाच उलट बाजूने हलकी इस्त्री करा आणि पट्टीने मोजा. उभ्यात किती आटलं, आडव्यात किती, रंग गेला का, चमक किती उतरली, सगळं त्या चौकोनावर कळतं. साटनची चमक धुतल्यावर थोडी मंदावते. ते चालणार नसेल तर हा ड्रायक्लीनचाच ड्रेस समजा आणि पाणी लावू नका. कपड्यांचा नेहमीचा साबण अजिबात नको. रेशीम हे प्रथिन आहे, त्याला अल्कली सोसत नाही.

मांजरपाट नको. मापं तपासायला ठीक आहे, पण झोळ त्यात ताठ उभा राहील आणि तुम्ही उगाच पॅटर्न कमी करत बसाल. मऊ, जड पडणारं व्हिस्कोस साटन घ्या आणि ट्रायलही उरेपातच कापा.

आता खरी गोष्ट. 114च्या पन्ह्यात पुढचा अख्खा भाग 45 अंशांत बसणार नाही, मधोमध शिवण घ्यावी लागेल. ती अडचण मानू नका, फायदाच आहे. उभा आणि आडवा धागा सारखे ताणले जात नाहीत, साटनात तर फरक जास्तच. अख्खा भाग एका तुकड्यात काढला तर ड्रेस अंगावर एका बाजूला फिरू शकतो. दोन अर्धे आरशातल्यासारखे एकमेकांच्या उलट काढले की दोन्हीकडची ओढ एकमेकींना सावरते. पाठीलाही तसंच करा. फक्त मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंची चमक थोडी वेगळी दिसू शकते. कापडाची दोन टोकं तशी तिरपी शेजारी धरून उजेडात बघा. मला तो फरक आवडतो, पण तुमच्या मनाला पटला पाहिजे.

1920च्या दशकात उरेप काप गाजवणाऱ्या मादलेन व्हियोने लहान लाकडी बाहुलीवर कापड रचून मगच मोठ्या मापात जायच्या. झोळाची खोली ठरवायला तुम्हीही ट्रायलचा उरलेला तुकडा असा छोट्या मापात पाडून बघा.

कापताना घडी नको, एकेरीच. खाली पातळ कागद, कापडाचा काठ कागदाच्या कडेला समांतर, आणि दोन्ही एकत्र कापा. टाचण्या बारीक आणि फक्त मार्जिनमध्ये, कारण साटनवर भोकं राहतात. बाजूंना मार्जिन 3 सेंमी तरी ठेवा. उरेप कापड लांबीत ओघळलं की रुंदीत कमी होतं, तेव्हा हे मार्जिन कामी येतं.

बॉबिनवाली:
मशीनसाठी: कोरी 9 नंबरची सुई, टाका 2 ते 2.5 मिमी, आणि असेल तर एका भोकाची सरळ टाक्याची प्लेट लावा. रुंद भोकात सिल्क ओढलं जातं. सुरुवातीला दोऱ्याची दोन्ही टोकं मागे धरून ठेवा. शिवणी सगळ्या फ्रेंच करा, म्हणजे कापलेली कड शिवणीच्या आत बंद होते आणि आतून देखणं दिसतं.

तिरपी_शिवण:
बॉबिनवाली ताई, सरळ कापाला मीही फ्रेंचच करते. पण इथे बाजूच्या आणि मधल्या शिवणींना नको म्हणेन. उरेप कडेचे धागे फारसे सुटत नाहीत, आणि फ्रेंच शिवणीत कापडाचे थर वाढून ती दोरीसारखी कडक होते. मग बाकीचं कापड खाली ओघळतं, शिवण तिथेच अडते आणि बाजू चुरगळून वर ओढल्यासारखी दिसते. साधी शिवण घ्या, मार्जिन मोकळं उघडून दाबा.

बॉबिनवाली:
हो, उरेपासाठी पटलं. मग आधी हाताने कच्चे टाके घालूनच मशीनवर घ्या, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो.

जांभळा_दोरा:
खूप खूप आभार दोघींचे! मधल्या शिवणीचं मी मनातल्या मनात टाळत होते, आता तीच माझं नवीन तंत्र म्हणून दाखवते. अस्तराचं राहिलं. आणि खालची कड कधी दुमडू?

तिरपी_शिवण:
अस्तर नको. 19 मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण 82 ग्रॅम, त्यात रंग गडद. झोळाच्या आत मात्र त्याच कापडाची रुंद पट्टी राहू द्या, वाकल्यावर उलट बाजू दिसणार नाही. कुठे पारदर्शक वाटलंच तर 8 मॉमीचं हाबुताई (पातळ, हलकं रेशीम) लावा, पण तेही उरेपातच कापा, सरळ कापाचं अस्तर वरच्या कापडाला हलू देत नाही.

कडेसाठी ड्रेस हँगरला लावून किमान 24 तास लटकू द्या, दोन-तीन दिवस मिळाले तर उत्तम. मुदतीतून हे दिवस आजच बाजूला काढा, कारण घाईत सगळे आधी यांनाच कात्री लावतात. नंतर ड्रेस अंगात घालून दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून पट्टीने चहूबाजूंनी खुणा करायला सांगा. कड खालीवर झालेली दिसेल, ते साहजिक आहे. खुणेवर कापा आणि बारीक गुंडाळून हातानेच हेमिंग करा, दोरा सैल ठेवून.