विषय: निधीचं अध्यक्षपद, ताईंचं नाव आणि बँकेतली सही (तातडीचं)

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

नव्या संचालकांची यादी शुक्रवारपर्यंत सगळ्यांना जायला हवी, म्हणून थेट मुद्द्यावर येते. अध्यक्ष म्हणून माईंची दुसरी मुदत संपतेय आणि अमेरिकेतून चालणाऱ्या आपल्या ग्रामविकास निधीच्या घटनेत तिसरी नाही. दोन नावं आली आहेत: अण्णा आणि विदर्भातल्या प्रभागसंघाच्या, म्हणजे महिला बचत गटांच्या तिथल्या संघाच्या, ताई. ताईंच्या नावाला माझं अनुमोदन आहे. पण कलम असं आहे की अध्यक्ष हा बँकेतला एक सहीदार असतो, आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला सहीदार करायला आपली बँक तयार नाही. काय करायचं? घटनादुरुस्ती, की ताईंना सल्लागार म्हणून घ्यायचं?

प्रेषक: अण्णा

सल्लागार हेच बरोबर. ताईंबद्दल मला आदर आहे, गेल्या वर्षीचं त्यांचं बोलणं मी विसरलेलो नाही. पण बँकेची सही हा लहान प्रश्न आहे, मोठा वेगळाच आहे. ज्यांच्यासाठी पैसा जातो त्यांनीच तो कुठे जावा हे ठरवायचं, याला हितसंबंध म्हणतात. इथल्या करखात्याला दरवर्षी द्यायच्या फॉर्म ९९० मध्ये विचारतात की मतदान करणाऱ्या संचालकांपैकी स्वतंत्र किती, आपसांत नातं किंवा धंद्याचा व्यवहार कोणाचा आहे, हितसंबंधांचं लेखी धोरण आहे का. तो फॉर्म कोणीही मागून वाचू शकतो. देणगीदार वाचतात. निधी सुरू झाला तेव्हापासून आपण हे कटाक्षाने पाळलं आहे.

प्रेषक: माई

अण्णा, कटाक्षाने पाळलं हे खरंच. पण दालमिलचं काय झालं तेही सांगू या, नव्या लोकांना माहीत नाही.

तूरडाळीची मिल बसवायचा ठराव आपण इथे बसून एकमताने केला. हिशेब चोख, कोटेशनं तीन, हितसंबंध कोणाचाच नाही. मी पुढच्या हिवाळ्यात गावी गेले तर मिल बंद. थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस फक्त रात्री यायची, आणि रात्री दोन वाजता घर सोडून मिलवर कोण बाई जाणार? शिवाय तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवावी लागते, त्याला अंगण हवं. आपण शेड बांधली आणि अंगण ठेवलंच नाही. गटातली कोणीही बाई हे पहिल्या पाच मिनिटांत सांगू शकली असती. बैठकीत अशी कोणी नव्हतीच. सल्लागार म्हणून दोघी होत्या कागदावर. त्यांना इतिवृत्त गेलं, तेही इंग्रजीत.

म्हणून मला सल्लागारपद नको आहे. मत हवं.

प्रेषक: बापू

माईंना पूर्ण पाठिंबा. दालमिलचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गोदामाच्या प्रकल्पात ही चूक होऊ नये म्हणून मी पहिल्यापासून गावातल्या लोकांशी बोलतो आहे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. तूर, सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिन्यांना ६ टक्के व्याजाने. म्हणजे पीक निघाल्या निघाल्या पडेल भावाला विकावं लागत नाही. आपल्या गावांना ती बाजार समिती लांब पडते, माल नेण्याच्या भाड्यातच फायदा जातो. प्रश्न गोदामाचा आहे हे मला गटांनीच दाखवलं. तेव्हा अध्यक्ष कोणीही होवो, गोदामाची समिती आहे तशीच राहावी एवढी विनंती.

आणि गावातला माणूस की जाणकार माणूस, हा वाद आपल्याकडे जुना आहे. प्रवरानगरचा साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना घेऊन उभा केला, पण पहिले अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ.

प्रेषक: अण्णा

बापू, हेच तर मी म्हणतोय. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक. शेतकऱ्यांनी स्वतःहून बाहेरचा माणूस अध्यक्ष केला, कारण बँका आणि सरकार यांच्यासमोर त्याच्या शब्दाला वजन होतं. १९५० साली चालू झालेला कारखाना त्या वजनावरही उभा राहिला.

प्रेषक: माई

शेतकऱ्यांनी केला, अण्णा. भागभांडवल त्यांचं, मंडळ त्यांचं, अध्यक्ष निवडण्याचा अधिकारही त्यांचाच. आपण जर ताईंच्या गटांना आपला अध्यक्ष निवडू देणार असू, तर त्यांनी तुम्हाला निवडलं तरी मी पहिली टाळी वाजवीन. आणि आणंदच्या दूधसंघाचं, म्हणजे अमूलचंही बघा. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल, तिथलेच. कुरियन १९४९ मध्ये आले आणि खेडा संघाचे व्यवस्थापक झाले. जाणकाराला पूर्ण मोकळीक होती, पण खुर्ची गावाची होती.

प्रेषक: खजिनदार

कायद्याची बाजू लिहितो, कारण तीन-चार गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

अमेरिकेतल्या करमुक्त संस्थेचा संचालक किंवा अध्यक्ष इथला नागरिक असलाच पाहिजे असा केंद्रीय नियम नाही. सहीदाराची अट आपल्या घटनेतली आहे आणि एका ओळीत सुटते: "अध्यक्ष अथवा मंडळाने नेमलेले दोन पदाधिकारी." धनादेशावर खजिनदार आणि सचिव सही करतील. अध्यक्षाचं काम सही करणं नाहीच. बैठक चालवणं, खजिनदाराला प्रश्न विचारणं, आणि नको त्या कामाला नाही म्हणणं हे त्याचं काम.

हितसंबंधांबद्दल. अण्णांचा मुद्दा खरा आहे, पण पैसा आता कसा जातो ते पाहा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा भारतातला कायदा, त्याच्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर भारतातली संस्था परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देऊच शकत नाही. रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येते, प्रशासनखर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे, आणि खर्च आपली भारतातली सहयोगी संस्था स्वतः करते. प्रभागसंघाच्या खात्यात एक पैसा जात नाही. ताई सहयोगी संस्थेच्या ना पगारी ना पदाधिकारी. तरीही त्यांच्या प्रभागातल्या कामाचा विषय आला की त्यांनी माहिती द्यावी, मग चर्चेतून आणि मतदानातून बाहेर राहावं, आणि तशी इतिवृत्तात नोंद व्हावी. त्या विषयापुरतं अध्यक्षस्थान उपाध्यक्षांकडे. बाकीच्या प्रभागांबद्दल त्यांना पूर्ण मत. गावातला माणूस मंडळावर असला की हितसंबंध येणारच, तो लिहून ठेवायचा असतो.

कोणीतरी फोनवर सुचवलं की ताईंनी मतपत्र लिहून माईंकडे द्यावं. चालणार नाही. संचालकाला आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. बैठकीला फोनवरून मात्र हजर राहता येतं, सगळ्यांना एकमेकांचं ऐकू आलं म्हणजे झालं. आणि या मेलवर "अनुमोदन" लिहिल्याने ठराव होत नाही. बैठकीशिवाय ठराव करायचा तर प्रत्येक संचालकाची लेखी संमती लागते, एकही कमी चालत नाही.

प्रेषक: बापू

चांगलं लिहिलंत. फक्त, ताई हिशेब वाचू शकतील का, हे कोणी विचारलं आहे का? बाराखडी येते आणि ताळेबंद येतो यात फरक आहे.

प्रेषक: माई

बापू, बचत गटाची पंचसूत्री ठाऊक आहे ना? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. ताईंनी ती आधी गटात, मग ग्रामसंघात आणि आता प्रभागसंघात वर्षानुवर्षं चालवली आहे. थकलेल्या कर्जाचा विषय, कर्ज घेणारी बाई समोर बसलेली असताना, त्या भर बैठकीत काढतात. आपल्या मंडळात थकलेली वर्गणी मागायलासुद्धा कोणी तयार नसतं. ताळेबंद मराठीत द्या, त्या वाचतील. आणि तो मराठीत देणं हे आपलं काम आहे.

प्रेषक: नवीन सभासद

नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय. बैठक आपल्या रविवारी संध्याकाळी सातला असते. तेव्हा तिथे सोमवारची पहाट असते, साडेचार. कोणी फोनवर बसायचं?

प्रेषक: अण्णा

हा प्रश्न योग्य आहे. वेळ बदलायला माझी हरकत नाही.

खजिनदारांनी लिहिलेली मतदानाबाहेर राहण्याची पद्धत घटनेतच घातली, नुसत्या ठरावात नाही, तर मी माझं नाव मागे घेतो. मात्र उपाध्यक्ष इथला असावा, आणि निदान पहिलं वर्ष मी ते काम करायला तयार आहे. गोदामाच्या समितीनेही बाकीच्यांसारखा दर तीन महिन्यांनी अहवाल द्यावा.

प्रेषक: बापू

अहवाल देईन. समिती राहील ना?

प्रेषक: सचिव

बापू, समित्यांचा विषय नवीन मंडळ ठरवेल, आज नको.

दोन दुरुस्त्यांचा मसुदा (सहीदार आणि मतदानाबाहेर राहणं) खजिनदार उद्या पाठवतील, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. बैठक रविवारी सकाळी साडेदहाला घेऊ, तिथे रात्रीचे आठ होतील. नोव्हेंबरमध्ये आपली घड्याळं मागे गेली की साडेनऊला, म्हणजे ताईंची वेळ बदलणार नाही. मी आज रात्री त्यांना फोन करून विचारते, कारण आठला त्यांची ग्रामसंघाची बैठक असेल तर हेही बदलावं लागेल. संचालकांनी मसुद्यावरच्या सूचना गुरुवारपर्यंत मला एकटीला पाठवाव्यात, सगळ्यांना नको.