पीटर पेटिग्रू नुसता भित्रा?

“जिवाच्या भीतीने एकदा तोंड उघडलं, एवढाच पीटरचा गुन्हा” हे ‘हॅरी पॉटर’मधल्या या पात्राबद्दलचं मत पटलं नाही. हॅरीचे आईवडील जेम्स-लिली पॉटर कुठे लपलेत, हे या त्यांच्याच मित्राने खलनायक व्होल्डेमॉर्टला सांगितलं. पॉटर दांपत्य मेलं ३१ ऑक्टोबर १९८१ ला. जेम्सचा दुसरा मित्र सिरियस याच्या म्हणण्याप्रमाणे पीटर त्याआधी वर्षभर व्होल्डेमॉर्टला बातम्या पोचवत होता. वर्षभराच्या घाबरटपणाला वेगळं नाव आहे.

आणि सिरियसने त्याला गाठलं तो रस्त्यावरचा प्रसंग आठवा. सिरियसनेच जेम्स-लिलीचा घात केला म्हणून गर्दीत गळा काढायचा, पाठीमागे धरलेल्या जादूच्या छडीने रस्ता उडवायचा (१२ माणसं गेली!), पुरावा म्हणून स्वतःचं बोट मागे टाकायचं आणि जादूने उंदीर होऊन गटारात पसार. गाळण उडालेल्या माणसाला हे सुचतं? पुढची १२ वर्षं हॅरीचा मित्र रॉन याच्या, म्हणजे वीझलींच्या घरी पाळीव उंदीर म्हणून आयतं खाल्लं. साधा उंदीर जेमतेम तीनेक वर्षं जगतो, तरी कुणाला शंका आली नाही!

दयेचं म्हणाल तर सातव्या भागात, तळघरात, हॅरीने जीव वाचवल्याच्या जुन्या उपकाराची आठवण दिल्यावर हॅरीच्या गळ्यावरची पीटरची पकड क्षणभर सैलावते. तेवढ्यावरून मालकाने, व्होल्डेमॉर्टने, दिलेला चांदीचा हात त्याचाच गळा आवळतो. सिनेमात हे गाळलंय, त्यामुळे फक्त सिनेमे पाहिलेल्यांना तो सपाट वाटतो.