माहिती पुरी होईपर्यंत अहवालाची एक ओळही लिहायची नाही? मला हे पटत नाही

रानवारा: काल एका प्राध्यापकांनी एम.ए.च्या मुलांना सल्ला दिला: सगळी माहिती हाती आल्याशिवाय प्रकल्प अहवाल लिहायला घेऊ नका, आणि अर्धंकच्चं गाईडपुढे ठेवू नका. अहो, कच्चं लिहिल्याशिवाय माहितीतली भोकं दिसणार कशी? माझ्याकडच्या एका गटानं गावातल्या विहिरींची पातळी ऑक्टोबरात मोजली आणि मसुद्यात लिहिलं, 'उन्हाळ्यात पाणी तळाला जाते.' उन्हाळ्याची नोंद कुठाय? भूजल सर्वेक्षण यंत्रणा जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी चारदा पातळी मोजते, ती उगाच नाही. मसुदा डिसेंबरात झाला म्हणून निदान मार्चची मोजणी तरी करता आली.

विभागातला_सर: पीएच.डी.ला प्रोफेसरलासुद्धा एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. आमच्याकडे एम.ए.चा अर्धा वर्ग एकेकाच्या गळ्यात असतो. प्रत्येकाचे दोन-दोन मसुदे वाचायचे कधी? त्यात ऱ्हस्व-दीर्घाची बोंब.

रानवारा: ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगितलंय कुणी, सर? उद्दिष्टं आणि प्रश्नावली जुळतात का, एवढंच बघा.

डीटीपीवाली: मसुदा लिहितंय कोण? मुलं कुणाचा तरी जुना अहवाल घेऊन येतात. 'ताई, गावाचं नाव तेवढं बदलून द्या.' मी परत पाठवते, तर शेजारचा करून देतो.

गोदाकाठ: आणि ते पकडलंही जात नाही! जुने अहवाल कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये. त्यात रोमन अक्षरांवर देवनागरी आकार चढवलेले असतात, त्यामुळे साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी दिसतच नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांत प्रबंधाला 10 टक्क्यांपर्यंत साम्य माफ, 60च्या वर नोंदणी रद्द. मराठीत ते टक्के काढणार कशावरून? युनिकोड, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणारी पद्धत, सक्तीचं करा, आणि कृतिदेवमध्ये टायपून देणाऱ्या दुकानांवर बंदी घाला.

डीटीपीवाली: बंदी? माझं घर त्यावर चालतं. तुमचेच विभाग अजून जुन्या फॉन्टमधली फाईल मागतात. युनिकोड करायला कन्व्हर्टरमधून काढली की जोडाक्षरं फुटतात, रफार भलतीकडे जातो. रात्र-रात्र बसून ते मी निस्तरते, तुम्ही नाही.

गोदाकाठ: दुकानांबद्दलचं मागे घेतो. विभागांना युनिकोडची सक्ती हवीच, यावर मी ठाम आहे.

सातवी_विहीर: विषय मसुद्याचा होता. आमच्या गाईडनी मसुदा न वाचताच परत दिला आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, 'नमुना एवढा लहान का?' तेव्हा काय उत्तर देणार? आधी सांगितलं असतं तर आणखी चार वाड्या फिरलो असतो.

विभागातला_सर: सगळ्यांना एका मापानं मोजू नका. ठीक आहे, पाच पानं वाचीन. उद्दिष्टं, प्रश्नावली आणि हाती आलेले तक्ते. प्रस्तावना मुळीच नको, ती सगळ्यांची सारखीच असते.

रानवारा: पाच चालतील. पण डिसेंबरात वाचा. मार्च उलटला की मुलांना पुन्हा गावात जायला सवड नसते.

डीटीपीवाली: आणि ती पाच पानं हातानं लिहिलेली घ्या, सर.